साबण का होत नाही? (आगरवाड्याच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा, सोडा सरोवरातल्या (म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखा कार्बोनेट भरपूर असलेल्या, अल्कलीयुक्त पाण्याच्या सरोवरातल्या) बॅक्टेरियावरच्या माझ्या लेखावरची तुमची कमेंट खरमरीत होती, आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की घरी खोबरेल तेलात कॉस्टिक घातलं की साबण होतो, मग सोडा सरोवरातल्या बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरण चरबीचं असून त्याचा साबण कसा होत नाही. आणि दुसरं, गोव्यातली मिठागरं सोडून मी उदाहरणासाठी केनियातल्या मागाडी या सोडा सरोवरात कशाला गेलो, पुरावा काय वगैरे.

आधी साबण. कॉस्टिकचं पाणी पीएच १४ च्या जवळ, मागाडी किंवा आपलं लोणार १० च्या आसपास. फरक चारचाच दिसतो पण पीएचची एक पायरी म्हणजे दहापट, म्हणजे अल्कली दहा हजारपट कमी. शिवाय तिथे साधं तेल नसतंच, बाहेरच्या थरात लिपोपॉलिसॅकराइड असतं, खाली लिपिड ए नावाचा चरबीचा भाग आणि वर साखरांची साखळी. साबण होतो तो तेलातले एस्टर नावाचे रासायनिक बाँड तुटून, पण लिपिड ए मधली काही फॅटी अ‍ॅसिडं अमाइड नावाच्या वेगळ्या बाँडने धरलेली असतात आणि ती भलतीच चिवट. लॅबमधे रचना शोधताना एस्टरवाली हायड्रॅझिन नावाच्या रसायनात ३७ अंशांवर सुटतात, अमाइडवाली काढायला मात्र ४ मोलर कॉस्टिक पोटॅशमधे १२० अंशांवर रात्रभर शिजवावं लागतं! एस्टर थोडेफार तुटले तरी जिवंत पेशी नवीन रेणू बनवून बसवतच असते.

पण साबणाच्या नादात खरी गोम तुमच्या नजरेतून सुटली असं मला वाटतं. या रेणूंवर फॉस्फेटचे निगेटिव्ह चार्ज असतात, ते एकमेकांना ढकलतात, आणि त्यांना बांधून ठेवतात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. १९६५ मधे संशोधक लोरेटा लीव्ह यांनी ई. कोलाय या बॅक्टेरियावर ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन टाकून हे धातू ओढून घेतले तर जवळपास अर्धं लिपोपॉलिसॅकराइड सुटून आलं. आता सोडा सरोवरात कार्बोनेट इतकं की हेच दोन धातू गाळ होऊन तळाला बसतात, पाण्यात उरतात अगदी थोडे. आणि गंमत म्हणजे इटलीच्या पँटेलेरिया बेटावरच्या सरोवरातला हॅलोमोनास पँटेलेरिएन्सिस हा बॅक्टेरिया आपल्या साखरसाखळीत कार्बॉक्सिलवाल्या आम्लधर्मी साखरा घालतो, म्हणजे निगेटिव्ह चार्ज आणखी वाढवतो. अंदाज असा, की त्या दाट चार्जमुळे पाणी आणि उरलेसुरले धातू धरून ठेवता येतात.

पुरावा म्हणाल तर या साखळीची रचना पक्की आहे, ती नेमकं काय काम करते हा मात्र अजून अंदाजच. जवळचा पुरावा बॅसिलस हॅलोड्युरान्स या अल्कलीत वाढणाऱ्या बॅक्टेरियाचा, त्याच्या भिंतीतले आम्लधर्मी पॉलिमर नसलेले म्युटंट जास्त पीएचला नीट वाढत नाहीत. पण तो ग्रॅम पॉझिटिव्ह, त्याला बाहेरचं आवरणच नाही, म्हणून मी ते फार ताणत नाही. आणि बाहेरच्या आवरणात पोरिन या प्रोटीनची भोकं असतातच, अल्कली आत शिरतेच, पेशीच्या आतला पीएच सांभाळतात ते आतल्या पडद्यातले सोडियम-प्रोटॉन अँटीपोर्टर, म्हणजे सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत घेणारे पंप.

आता मिठागर. मानशीतून (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारातून) येतं ते समुद्राचं पाणी, पीएच ८ च्या आसपास. मीठ काढल्यावर उरलेलं पाणी कडू लागतं ते मॅग्नेशियममुळेच. जिथे मॅग्नेशियम ढिगाने आहे तिथे त्याच्या टंचाईची गोष्ट कशी सांगू, सांगा? आणि उन्हाळ्यात आगरात दिसणारा तो गुलाबी रंग, तो मुख्यतः आर्कियांचा (बॅक्टेरियासारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव), त्यांना बाहेरचं आवरण नाही की लिपोपॉलिसॅकराइड नाही. २०२० मधे लोणार गुलाबी झालं तेव्हा आघारकर संस्थेलाही तेच सापडले होते. (सॅलिनिबॅक्टर रुबर हा खरा बॅक्टेरिया त्यांच्यात राहतो, त्याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे.)

तुमच्याकडे ते कडू पाणी असेलच. एका ग्लासात घ्या, दुसऱ्यात धुण्याचा सोडा विरघळवा आणि त्यात ओता. लगेच पांढरा गाळ दिसेल, ते मॅग्नेशियम कार्बोनेट. सोडा सरोवरात मॅग्नेशियम असंच हातचं जातं.