चार पुतळा

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या छोट्या बेटाच्या क्रांतीवर एका कलावंताने केलेल्या फिल्मबद्दल एका लेखात वाचलं, की त्यात निवेदन नाही, नुसत्या जागा दिसतात. पटलं. पण एक गोष्ट लेखात यायला हवी होती. १९७९ साली सत्तेवर आलेल्या, या क्रांतीच्या नेत्याला, मॉरिस बिशपला १९ ऑक्टोबर १९८३ रोजी गोळ्या घातल्या, त्या आपल्याच क्रांतिकारी सरकारच्या सैनिकांनी. आठवड्याच्या आत अमेरिकेचं सैन्य उतरलं. बिशपचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. तिथला जो विमानतळ दाखवून अमेरिका जगाला घाबरवत होती, त्यालाच २००९ मध्ये बिशपचं नाव दिलं!

आम्हा सोलापूरकरांना हे ओळखीचं वाटतं. मे १९३० मध्ये इथे तीन-चार दिवस इंग्रजांचं राज्यच उरलं नव्हतं, मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. आता या चौघांचे पुतळे असलेल्या चौकात जायचं, तर रिक्षावाला विचारतो, "चार पुतळा का ओ?" परवा भाचीला चौघांची नावं विचारली, दोनवर गाडी अडली. (मलाही चौथं जरा उशिराच आठवलं.) त्या चौकात कुणीतरी असाच कॅमेरा लावून बसावं, निवेदनाशिवाय, रिक्षांच्या हॉर्नसकट.