सगळ्या तिकिटांचा भाव शून्य

काल कट्ट्यावर विषय मॅचच्या भावावरून निघाला. आमच्यातला एक म्हणाला, १ पॉइंट देणारं तिकीट असेल तर 'जिंकणार'ला ०.६ आणि 'नाही जिंकणार'ला ०.५. म्हटलं अरे मग दोन्ही तिकिटं मीच तुला विकतो, तू देणार १.१ आणि काहीही झालं तरी तुला मिळणार १, म्हणजे ०.१ गेलेच. "बरं, ०.६ आणि ०.३!" मग दोन्ही तुझ्याकडून ०.९ ला घेतो आणि १ वसूल करतो. इटालियन गणिती डी फिनेटीची अट हीच आहे, भाव तू सांगायचा, घ्यायचं की विकायचं ते समोरचा ठरवणार. हमखास तोटा टाळायचा तर बेरीज १ च हवी, बाकी ०.६ की ०.७ हे तुझं तू बघ. प्रोबॅबिलिटीचा बेरजेचा नियम नुसत्या देवाणघेवाणीतून निघतो हे मला आजही जाम आवडतं.

भांडण लागलं ते पुढे. दुसरा म्हणे, मग अनंत तिकिटांनाही हाच बेरजेचा नियम, रशियन गणिती कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये लिहूनच ठेवलाय. हो, पण ही मर्यादा आपण मर्जीने घालून घेतोय हेही त्यानेच तिथे सांगितलंय ना! समज लॉटरीत १, २, ३ असा कुठलाही आकडा निघू शकतो आणि कुणालाच झुकतं माप नाही. एकेका तिकिटाला ०.००१ जरी भाव दिलास तरी १००१ तिकिटांत बेरीज १ च्या वर जाते आणि तू सापडतोस, त्याहून कमी दिलास तर अजून थोडी तिकिटं लागतील एवढंच. म्हणून प्रत्येकाला शून्य, आणि 'कुठला तरी आकडा निघेल'ला १. मोजक्या पैजा लावून या भावांत मला कुणी अडकवून दाखवावं.

"मग सगळीच तिकिटं तुझ्याकडून फुकट घेतो, १ माझा पक्का." हे खरंय. पण डी फिनेटीसारखाच मी एका वेळी मोजकेच सौदे करणार, अनंत सौदे एकदम मान्य करायचे हीच तुझी जादाची अट आहे आणि तीच तू नियम म्हणून माझ्या गळ्यात मारतोयस.

इतका वेळ गप्प असलेला तिसरा तेव्हा बोलला. अशा दोन स्वतंत्र लॉटऱ्या घे, एक तुझी एक माझी. 'तुझा आकडा मोठा'ला आत्ता भाव किती? अर्धा, म्हटलं, दोन्ही सारख्याच की. आता तुझा आकडा बघ, समज ४७ निघाला, ४७ पर्यंतचे आकडे मोजकेच, त्यांचा मिळून भाव शून्य, म्हणजे माझा मोठा असणार आणि तुझं अर्ध्याला घेतलेलं तिकीट शून्यावर. ४७ च्या जागी कुठलाही आकडा घाल, तेच.

मी म्हटलं दोन भाव दोन वेळचे आहेत, मध्ये नवी माहिती आली. तो म्हणाला, कुठलीही माहिती आली तरी भाव शून्यच होणार हे तुला आधीच ठाऊक होतं, मग आत्ता अर्धा कशाला देतोस?

मी डी फिनेटीची बाजू सोडलेली नाही, पण याच्यावर मला काल काही बोलता आलं नाही.