मरळ किती लांब होती?

पंचगंगेत मासे मेले की इथे कॅनडात, ओंटॅरिओ प्रांतात, माझ्या फोनवर त्याचा व्हिडिओ येतोच. पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे, बाजूला केंदाळ, बंधाऱ्यावर नाक धरून उभी असलेली माणसं. मग दोन-तीन दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर वाद चालतो. दोष कारखान्याच्या मळीचा, शहराच्या सांडपाण्याचा की रंगाच्या पाण्याचा? हा वाद व्हायलाच हवा. पण मेलेला मासा निदान दिसतो, त्याचा वास तरी येतो. जाळ्यात फडफडणाऱ्या माशात पारा-शिशासारखे धातू किती साठलेत, ते दिसत नाही. त्याबद्दल आमच्या ग्रुपवर आजवर कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

मी इकडे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शेजाऱ्याबरोबर गळ टाकायला गेलो. त्याला वॉलआय नावाचा चांगला मोठा मासा लागला. मी खूश. त्याने मात्र खिशातून टेप काढली, मासा फळीवर आडवा ठेवला, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजला आणि परत पाण्यात सोडून दिला. कारण विचारल्यावर त्याने फोनवर सरकारी तक्ता दाखवला. प्रांतातली २,०००हून जास्त ठिकाणं, प्रत्येक ठिकाणचे मासे, त्यांची लांबी आणि त्यापुढे महिन्यातून किती वेळा खायचा तो आकडा. लांबी वाढेल तसा आकडा उतरत जातो: ८, ४, २ आणि कधी थेट शून्य. मूल होण्याच्या वयातल्या बायका आणि १५ वर्षांखालची मुलं यांच्यासाठी वेगळी, जास्त कडक ओळ.

लांबी मोजायची कारण मोठा मासा जास्त जगलेला असतो. पारा गाळात बसतो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते शेवाळात जातं, तिथून किड्यात, लहान माशात आणि शेवटी लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशात, इकडे वॉलआय तशी तिकडे मरळ. पाण्यात जेमतेम सापडणारा पारा अशा माशाच्या अंगात लाखो पट होऊन बसतो. कॅडमियम हा धातू माशाच्या यकृत-मूत्रपिंडात जास्त साठतो, शिसं कल्ल्यांत आणि हाडांत. त्यामुळे आतडी-कल्ले काढून टाकले तर थोडं तरी जातं. पारा थेट मांसात असतो. मीठ-हळद लावा, लिंबू पिळा, कडकडीत तळा, तो जात नाही.

आमचं गाव उजनीच्या काठाला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्या धरणात येतं. त्यात संडास-मोरीचं पाणी आहे, तसं कारखान्यांचंही आहे. क्रोम-निकेलचा मुलामा देणारे कारखाने या पट्ट्यात आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यातले ५५ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. पण त्या यादीचं माप बीओडी आहे, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते. मासे गुदमरून का मरतात ते त्यावरून कळतं. माशात शिसं किती, ते कळत नाही. केंद्रीय जल आयोग नद्यांतल्या धातूंचे अहवाल काढतो, चांगली गोष्ट आहे, पण तो पाणी तपासतो. ताटात मासा येतो.

हे मी दादाशी बोललो. तो भिगवणला मासळीच्या धंद्यात आहे. तो म्हणाला, "अरं, असला तक्ता इथं लावला तर मासा घेणार कोण? तू तिकडं बसून बोलतोस, इथं घरं चालतात ह्यावर."

त्याचं म्हणणं मी झटकून टाकू शकत नाही. याच ओंटॅरिओत ग्रासी नॅरोज नावाची आदिवासी वस्ती आहे. १९६२ ते १९७० या काळात वरच्या अंगाच्या एका कारखान्याने नदीत नऊ-दहा टन पारा सोडला. १९७०मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद झाली आणि मासेमारीवर जगणाऱ्या त्या माणसांचं काम एका झटक्यात गेलं. आजार राहिले, नातवंडांपर्यंत आले. नदी साफ करायला प्रांत सरकारने ८.५ कोटी डॉलर कबूल केले तेव्हा २०१७ साल उजाडलं होतं. म्हणून कॅनडासारखं करा असं मी म्हणत नाही. तक्ता घ्या, पण कोळ्याला एकट्याला त्याची किंमत मोजायला लावू नका.

उजनी, पंचगंगा, उल्हास इथल्या माशांचं मांस दरवर्षी जातवार आणि लांबीवार तपासावं, निकाल मराठीत मासळी उतरते तिथेच लावावा. तपासणीचा खर्च वरच्या अंगाला सांडपाणी सोडणाऱ्यांकडून घ्यावा. एखादी जात बंद करावी लागली, तर भरपाईही त्यांच्याकडूनच. माशात पारा किती चालेल याची मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा नियमांत आहेच, त्यामुळे नवा कायदा लागत नाही. आणि बहुतेक वेळा "मासा खाऊ नका" असं सांगावंच लागणार नाही. "लहान खा, मोठी मरळ आणि वाम कमी करा," एवढं पुरतं. दादाचा धंदा तेवढ्याने बसत नाही.

परवा दादाच्या लेकीचा फोन आला. तिला पाचवा महिना आहे. घरात सगळे म्हणतात मासे खा, बाळाला चांगले. "काका, तू ते तक्त्याचं सांगत होतास ना. मी काय खाऊ?" मी म्हटलं, चिलापी खा, लहान बघून घे. ती शेवाळावर जगते, तिच्यात पारा कमी साठतो. ती म्हणाली, काल मरळ खाल्ली, बाबांनी मुद्दाम मोठी आणली होती. मी विचारलं, किती लांब होती? तिने फोन बाजूला धरून बाबांना विचारलं. दादा बराच वेळ काही बोलला नाही.