जड चाक ऊर्जा साठवते, निर्माण करत नाही

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी आणि सिन्नर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक चित्रफीत सतत फिरत आहे. लोखंडी सांगाड्यावर एक अश्वशक्तीची मोटर, तिच्या पट्ट्यावर फिरणारे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि त्या चाकाला जोडलेला अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र, तीत दिसतो. मोटर सुरुवातीला बॅटरीवर चालवायची, चाकाने वेग घेतला की अल्टरनेटरमधून १० किलोवॅट वीज मिळते, त्यातली थोडी मोटरला परत द्यायची आणि उरलेल्या विजेवर विहिरीवरचा पंप कायम फुकट चालवायचा, असा दावा आहे. कडाक्याच्या थंडीत, बिबट्याची धास्ती मनात ठेवून रात्री बागेला पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला हे किती मोहात पाडत असेल, याची मला जाणीव आहे. म्हणूनच नात्यातील एका द्राक्ष बागायतदाराने अशा संचासाठी विक्रेत्याकडे आगाऊ रक्कम भरू का असे विचारले, तेव्हा नुसते ‘नको’ म्हणून थांबणे मला योग्य वाटले नाही.

दाव्याचा पाया असा आहे की जड चाकामुळे ताकद वाढते. या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे आणि तोच दिशाभूल करतो. सातपूर किंवा अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस पाहिला तर मोटर लहान आणि चाक अजस्र दिसते, आणि तरीही तो प्रेस पोलादी पत्रा एका ठोक्यात कापतो. येथे नेमके काय घडते? मोटर दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात चाकात थोडी थोडी ऊर्जा भरत राहते आणि चाक ती सगळी क्षणार्धात पत्र्यावर रिती करते. त्या क्षणापुरते बल प्रचंड असते. परंतु प्रत्येक ठोक्यानंतर चाक किंचित मंदावते आणि मोटरला ते पुन्हा वेगात आणावे लागते. कुंभाराचे चाकही याच न्यायाने चालते. काठीने दिलेल्या वेगावर एखादे मडके उतरते, पण पुढच्यासाठी काठी पुन्हा हाती घ्यावीच लागते. आपल्या बोलण्यातला ‘ताकद’ हा एक शब्द बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन वेगळ्या राशींसाठी वापरला जातो, आणि चित्रफितीतला निवेदक एकीवरून दुसरीवर कधी सरकतो हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आता हिशेब करू, कारण येथे हिशेबाइतके बोलके दुसरे काही नाही. १०० किलो वजनाची, अर्धा मीटर त्रिज्येची भरीव लोखंडी चकती मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात सुमारे १,५४,००० जूल ऊर्जा असते. आकडा मोठा वाटतो, पण विजेचे एक युनिट ३६,००,००० जूलचे असते. म्हणजे त्या धडधडणाऱ्या चाकात एका युनिटचा विसावा भागही नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे घर्षण शून्य मानले तरी चाकाला हा वेग देण्यास त्या मोटरला साडेतीन मिनिटे लागतील. पाच अश्वशक्तीचा पंप मात्र ती सगळी ऊर्जा जेमतेम ४१ सेकंदांत संपवेल. तोच पंप आठ तास चालवायला जवळपास ३० युनिटे लागतात. तेवढी साठवण्यासाठी अशी ७०० चाके शेतात उभी करावी लागतील, आणि ती फिरवण्यासाठीही ३० युनिटे आधी कुठून तरी आणावीच लागतील.

दुसरा मुद्दा पुलीचा. मोठ्या पुलीवरून चौथाई व्यासाच्या लहान पुलीवर पट्टा घातला की फेरे चौपट होतात, हे खरे आहे. मात्र त्याच वेळी आसाला फिरवणारा जोर चौथाईवर येतो. शक्ती हा या दोहोंचा गुणाकार असल्याने तो वाढत नाही, उलट पट्टा घसरण्यात थोडा कमीच होतो.

तिसरा दावा असा की अल्टरनेटर एकदा फिरू लागला की त्याला फिरवत ठेवायला फारसे काही लागत नाही. रिकामा अल्टरनेटर खरोखरच हलका फिरतो आणि मीटरवर २३० व्होल्टही दाखवतो. परंतु व्होल्ट म्हणजे वीजपुरवठा नव्हे. भार जोडून प्रवाह वाहू लागला की चित्र पालटते. ज्यांनी डायनामोची सायकल चालवली आहे त्यांच्या मांड्यांना हे ठाऊक आहे. दिव्यासाठी डायनामो चाकाला टेकवला की पायडल लगेच जड होत असे. गुंडाळीतून वाहणारा प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि ते क्षेत्र फिरण्यालाच विरोध करते, हा नियम भौतिकशास्त्रज्ञ लेंझने १८३४ मध्ये मांडला. १० किलोवॅट वीज हवी असेल तर आसावर १० किलोवॅटहून अधिक, म्हणजे १३ अश्वशक्तीपेक्षा जास्त, यांत्रिक शक्ती सतत द्यावी लागते. ती एक अश्वशक्तीच्या मोटरकडून येणार नाही.

अल्टरनेटरची वीज पुन्हा मोटरलाच देऊन साखळी बंद केली तर काय उरते, हेही तपासू. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के, पट्ट्याची ९५ आणि अल्टरनेटरची ८५ टक्के धरली, आणि हे आकडे मी उदारपणे धरले आहेत, तर १०० वॅटमागे एका फेरीअंती सुमारे ६५ वॅट परत येतात, दुसऱ्या फेरीअंती ४२ आणि चौथीअंती १७. बाकीची ऊर्जा नाहीशी झालेली नसते. तासभर चाललेल्या मोटरच्या अंगाला हात लावा, बेअरिंगला लावा; ती तेथे उष्णतेच्या रूपात सापडते. जेम्स जूलने १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाणी घुसळून नेमके हेच मोजले होते.

काही जण घाटघरचा दाखला देतात: सरकार स्वतः खालचे पाणी वर चढवून त्याच पाण्यावर वीज करते, मग आम्ही का नाही? अकोले तालुक्यातील घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प खराच आहे, पण पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी ते खाली येताना परत देत नाही. मागणी कमी असतानाची वीज मागणीच्या वेळेसाठी राखून ठेवणे हा त्याचा उपयोग आहे. वेळ बदलून मिळते, वीज वाढून नव्हे.

भास्कराचार्यांचे नाव या प्रचारात ओढले जाते, याचे मला विशेष वाईट वाटते. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पारा भरलेल्या आऱ्यांच्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे, हे खरे. पण तसे चाक बनवले तर एका बाजूचा पारा आसापासून दूर असतो तेव्हा दुसऱ्या बाजूला तो जास्त आऱ्यांत असतो. दोन्ही बाजूंचा तोल जुळतो आणि चाक थोडे झुलून थांबते. त्या थोर गणितज्ञाचा मान या चाकावर अवलंबून नाही.

राहिला हे यंत्र मुद्दाम दडपून ठेवले जाते हा आरोप. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना विजेचे बिल टोचते आणि तेथे उत्तम फिटर, टर्नर व वाइंडर आहेत. हे यंत्र चालत असते तर त्यांनी ते आठवड्यात उभे केले असते. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रालाही रेल्वेने कोळसा आणावा लागला नसता. चित्रफितीतले दिवे लागतात ते बॅटरीवर, लपवलेल्या तारेवर किंवा चाकातल्या शिल्लक ऊर्जेवर. विक्रेत्याला एवढेच सांगावे: बॅटरी काढून दूर ठेवा, पाच अश्वशक्तीचा पंप जोडा आणि माझ्या शेतात, मी निवडलेल्या जागी, तासभर चालवून दाखवा.

ज्यांनी संच आधीच घेतला आहे त्यांना एक कळकळीची विनंती आहे. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा संच यांपैकी एकच जोडणारा स्विच, न लावता तो संच घराच्या किंवा पंपाच्या वायरिंगला जोडू नका. लाइन बंद असताना तुमच्या अल्टरनेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर गेली, तर ती रोहित्रापर्यंत पोहोचून पलीकडे उच्च दाबाची होते, आणि त्या वेळी खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असे समजून तारेला हात घालत असतो.