जो सिनेमा लागलाच नाही, तो शाळाशाळांत दाखवला म्हणे!

भाचा आठवीत आहे. परवा त्याची प्रकल्पाची वही चाळली, तर 'रशियातील बालचित्रपट' या मथळ्याखाली घरच्या ग्रुपवर महिनाभर फिरणारा फॉरवर्ड जसाच्या तसा उतरवलेला. आता गप्प बसवत नाही.

म्हणे, 'दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा "बेझिनचं कुरण" रशियातल्या प्रत्येक शाळेत दाखवला आणि तो बघून मुलांनी आईबापांना पोलिसांत दिलं.' अहो, दाखवला कधी? १९३५ ला शूटिंग सुरू झालं आणि मार्च १९३७ मध्ये सिनेखात्याच्या प्रमुखाने, शुम्यात्स्कीने, काम बंद पाडलं. वर आयझेनस्टाइनला आपल्या चुका जाहीर कबूल कराव्या लागल्या. सिनेमा कधीच प्रदर्शित झाला नाही, पुढे प्रतही उरली नाही. आज दिसतो तो १९६७ साली नाउम क्लेमन आणि सर्गेई युत्केविच यांनी जुळवलेला: कापून जपलेल्या सुट्या फ्रेम एकामागून एक, सोबत प्रोकोफिएव्हचं संगीत. अर्ध्या तासाचा ऐवज. त्यात कुणीच हलत नाही. गोष्टीतला मुलगा, फिकट केसांचा स्तेपोक, नुसता थिजलेला. आणि मरतो तोच, बापाच्या हातून! फॉरवर्डवाल्याने निदान गोष्ट तरी वाचायची.

ज्याच्यावरून ही गोष्ट सुचली, त्या पावलिक मोरोझोव्हचं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य. १९३२ मध्ये गेरासिमोव्का गावात मारल्या गेलेल्या या पोराने बापाविरुद्ध साक्ष दिल्याचं सांगून त्याला शाळकरी मुलांपुढे आदर्श म्हणून उभं केलं. किळसवाणाच प्रकार. पण तो पुस्तकांनी आणि पुतळ्यांनी केला. ज्या सिनेमावर खापर फोडताय, तो सरकारनेच गाडला होता.

दुसरं, 'या सिनेमांत मुलं नेहमी जिंकतात.' १९२३ च्या जॉर्जियातल्या 'लाल सैतान'मध्ये जिंकतात खरी. युक्रेनचा बंडखोर सरदार माखनो, त्याला चक्क पोत्यात घालून आणतात. (खरा माखनो १९२१ मध्येच रुमानियात निसटला होता.) पण आयझेनस्टाइनचाच 'संप' बघा, १९२५ चा. घोडेस्वारांच्या गर्दीत एक चिमुरडं पोर घोड्यांच्या पायांत जाऊन उभं राहतं, आई धावते, तिच्यावर चाबूक पडतो. पुढे एक कसाक, म्हणजे झारचा घोडेस्वार शिपाई, एका लेकराला वरच्या मजल्यावरून खाली सोडतो. ही जीत?

तिसरं, 'असे सिनेमे करणाऱ्यांना सरकारने डोक्यावर घेतलं.' मार्गारिता बार्स्काया या बाईंनी १९३३ मध्ये 'फाटके बूट' केला. जर्मनीतल्या कामगारांची पोरं, बापांचा संप, आणि कॅमेऱ्यासमोर बहुतेक अगदी लहान, कधी अभिनय न केलेली मुलं. त्यांचा पुढचा सिनेमा अडवला गेला. १९३९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९३१ चा 'जीवनाचा परवाना' हा सोव्हिएत रशियातला पहिला बोलपट. त्यात रस्त्यावरच्या मुस्तफा या पोराचं काम करणारा इव्हान किर्ला व्होल्गाकाठच्या 'मारी' भाषेतला कवी होता. १९३७ मध्ये त्याला अटक झाली आणि तो कैद्यांच्या छावणीतच मेला.