चौदावा दिवस आणि न जुळणाऱ्या चार खुणा

लग्नाला वर्ष होत आलं की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवरून हा मेसेज येऊन धडकतोच. गेल्या आठवड्यात धाकट्या नणंदेनं तो मला पाठवला, खाली प्रश्नासकट: "वहिनी, माझ्या खुणा जुळतच नाहीत गं. काही बिघडलंय का?"

दिवस राहण्याबद्दलचा तो मेसेज थोडक्यात असा: पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी स्त्रीबीज सुटतं. त्या दिवशी अंगावरून चिकट पाणी जातं, ओटीपोटात दुखतं, अंग गरम होतं आणि ओव्ह्युलेशन किटवर (बीज सुटण्याची लघवीची चाचणी) दोन रेषा येतात. चारही खुणा एकाच दिवशी आल्या तरच तो दिवस खरा. नाहीतर बीज तयार होत नाही असं समजा. तोवर पतीनं संयम पाळून शक्ती साठवावी.

आधी चौदाव्या दिवसाचं बघू. हा हिशेब मुळात मागून मोजायचा आहे. १९२०च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. पाळी २८ दिवसांची असेल तर पुढून मोजा की मागून, उत्तर एकच. तिथूनच चौदाचा आकडा चिकटला असावा. पण २८ दिवसांची पाळी असते कितीजणींची? २०१९ साली एका अ‍ॅपवरच्या ६ लाखांहून जास्त मासिक चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बरोबर २८ दिवसांची चक्रं होती १३ टक्के, आणि बीज सुटण्याआधीचा काळ सरासरी १७ दिवसांचा.

माझी स्वतःची पाळी ३३-३४ दिवसांची. सात महिने आम्ही चौदावा दिवस सणासारखा पाळला, आणि बीज सुटत होतं विसाव्याच्या आसपास. शुक्राणू फार तर पाच दिवस तग धरतात, बीज १२ ते २४ तास. म्हणजे आमच्याकडे यजमान उठायच्या आधीच पाहुणे येऊन निघून जात होते. म्हणून एका दिवसावर डोळा ठेवू नये. दिवस राहण्याची शक्यता असते ती बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांत.

आता चार खुणा एकाच दिवशी येण्याची गोष्ट. त्या तशा येऊच शकत नाहीत, कारण त्यांच्यामागची हार्मोन्स वेगळी आणि वेळाही वेगळ्या.

सगळ्यात आधी येतं ते पाणी. इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढायला लागलं की स्राव पातळ, पारदर्शक, निसरडा होतो. पुस्तकांत त्याला अंड्याच्या पांढऱ्या भागाची उपमा देतात. आमच्या शाकाहारी घरात मी नणंदेला भेंडी आठवायला सांगितली. दोन बोटांत धरून ताणली तर तार निघते, तसं. हे काही दिवस चालतं आणि शेवटच्या निसरड्या दिवसाच्या आगेमागे बीज सुटतं. मग स्राव घट्ट होतो किंवा आटतो. म्हणजे 'आजच' म्हणायची ही खूण नव्हे, 'सुरू करा' म्हणायची आहे. आमच्या आजे सासूबाई अंगावरून जाणाऱ्या प्रत्येक पाण्याला धुपणी म्हणायच्या आणि हाडं झिजतात म्हणून खारका खायला लावायच्या. खारका खा खुशाल, पण या पाण्यानं हाडं झिजत नाहीत. दह्यासारखं फुटकं, खाज सुटणारं, वास मारणारं किंवा हिरवट पाणी असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

मग किट. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. गर्भधारणेच्या किटवर फिकट दुसरी रेषाही चालते, म्हणून इथेही तोच नियम लावला जातो. ओव्ह्युलेशन किटवर दुसरी रेषा फिकट असली तर ती नकारार्थीच. ती पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. तशी आली तरी किट सांगतं एवढंच, की एलएच, म्हणजे बीज सुटायचा इशारा देणारं हार्मोन, वाढलं आहे. बीज साधारण पुढच्या एक ते दीड दिवसात सुटेल, सुटलेलं नाही. पीसीओडीत (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) एलएच मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे आठवडाभर गडद रेषा येत राहतात. बीज फुटायचं इंजेक्शन घेतलं असेल तर किट त्यालाच एलएच समजू शकतं. उलट भरपूर पाणी पिऊन चाचणी केली, किंवा वाढ थोड्याच तासांची असली, तर रेषा हुकते. नणंदेचं नेमकं हेच झालं होतं: तार दिसत होती, रेषा फिकट, आणि ती रेषेची वाट बघत बसलेली. तार दिसली तेव्हाच सुरुवात करायची. रेषा आली तर तेव्हाही. दोन्हींचं एकमत व्हायची गरज नाही.

पोटदुखीबद्दल फार लिहायचं कारण नाही. कुणाला होते, बऱ्याचजणींना होत नाही. बीज सुटण्याच्या आधी होऊ शकते तशी नंतरही. शिवाय गॅसही तिथेच दुखतो.

आणि अंग गरम होणं म्हणजे तर वरातीमागून घोडं. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसनं चढतं. हाताला ते कळत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणाऱ्या थर्मामीटरनं रोज मोजलं तर तीन दिवसांनी खात्री पटते. तोवर बीजाची वेळ टळलेली असते. मग मोजायचं कशाला? पुढच्या महिन्यांचा अंदाज बांधायला, आणि बीज सुटतंय की नाही हे पाहायला. जागरण, ताप, प्रवास यांनी आकडा बिघडतो, तेव्हा एका महिन्याच्या आलेखावरून रडत बसू नये. महिनोन्‌महिने तापमान चढलंच नाही, किंवा पाळीच अनियमित असली, तर वर्षभर थांबू नका. सोनोग्राफीनं फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज वाढतंय-सुटतंय का हे पाहणं, होतो, प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी असते. ती 'एकविसाव्या दिवशी' करा म्हणतात तेही २८ दिवसांच्याच हिशेबानं; ३४ दिवसांची पाळी असेल तर ती सत्ताविसाव्याच्या सुमारास हवी.

राहिला पतीचा संयम. शक्ती साठत नाही. फार दिवसांच्या खंडानं शुक्राणूंची हालचाल मंदावू शकते. त्या सहा दिवसांत रोज किंवा एकाआड एक दिवस संबंध आले तरी पुरे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीनं. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बायकोचं वय पस्तिशीपुढे असून सहा महिने झाले, तर दोघांनीही डॉक्टरांकडे जायचं. वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासण्यांपैकी एक. तरी बायकोच्या तीन सोनोग्राफ्या होईपर्यंत त्या तपासणीचं नाव निघत नाही. मी नणंदेला तेच लिहिलं: आलेख तू ठेव, पण या खेपेला तुझ्या नवऱ्यालाही सोबत घेऊन जा. तिनं अंगठा पाठवलाय. तिच्या नवऱ्यानं मेसेज अजून वाचलेला नाही.