मी पालथी पडलेली असताना मला काही विकू नका

आज सकाळी पार्लरमध्ये डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडले होते. फेशियल चालू होतं. आमची पार्लरवाली गेली सोळा वर्षं माझ्या भुवया, केस आणि सासरच्या कटकटी असं सगळंच सांभाळते. एवढ्या वर्षांत तिनं मला एक डबी विकलेली नाही. फार तर, "ताई, रात्री जरा खोबरेल लावत जा." आज तिच्याकडची नवी मुलगी होती. डाव्या गालाला क्रीम चोळता चोळता ती हळूच म्हणाली, "काकू, तुमची स्किन खूपच डिहायड्रेटेड आहे हो."

मी ताडकन उठून बसले. काकड्या मांडीत पडल्या.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय. अगदी ह्याच सुरात, शेवटी तोच काळजीचा सुस्कारा. मलाक्काच्या सामुद्रधुनीत, जहाजाच्या बाराव्या मजल्यावर, ११९ डॉलर मोजून. तिथं मात्र मी उठून बसले नव्हते. गप्प पडून राहिले होते. तो राग इतके दिवस कुठंतरी आत बसला होता, तो आज डोंबिवलीत बाहेर आला.

क्रूझचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. "काय मजा आहे बाई तुझी" म्हणून झालंय. आता फोटोत नसलेलं ऐका.

फेब्रुवारी २०२४. माझी बँकेतली नोकरी संपली म्हणून नवऱ्यानं हौसेनं केलेली ट्रिप. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत, मग एक अख्खा दिवस समुद्रात आणि परत सिंगापूर. चार रात्री. आमचा बावीस जणांचा ग्रुप, प्रत्येकाच्या बॅगेत चिवडा. पहिल्याच दिवशी सुरक्षेची कवायत होते न होते तोच स्पाची मोफत सफर. सफरीच्या शेवटी सोडत, आणि सोडतीला स्वतः हजर राहायचं, म्हणजे तोवर तिथून हलायचं नाही. दारातच एक बाई शाईच्या पॅडवर पाय ठेवायला लावून तळव्याचा ठसा घेत होती. ठसा फुकट. ठसा पाहून "अरे बापरे" म्हणणंही फुकट. मग बुटात घालायचे पॅड विकत. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी घेतले. आयुष्यभर कोल्हापुरी घालणारा माणूस. ते पॅड घालणार कशात, हे त्यांनाही परत येईपर्यंत सुचलं नाही.

मी हसले होते त्यांना. ती चूक झाली.

समुद्रातल्या दिवशी मी मसाज घेतला. नंतर कळलं की जहाज बंदराला लागलेलं असताना लोक उतरून फिरायला जातात, स्पा ओस पडतो, म्हणून त्या दिवशी तेच सगळं स्वस्तात मिळतं. समुद्रातल्या दिवशी कुणाला कुठं जाता येत नाही, म्हणून पूर्ण भाव. हे समजायला मी ३१ वर्षं बँकेत होते, तरी समजलं नाही.

आधी एक फॉर्म. काय काय आजार, कुठली औषधं. मी प्रामाणिकपणे गुडघा लिहिला, थायरॉईडवर खूण केली, गोळीचं नावही लिहिलं. मग आत नेलं. मंद उजेड, बासरी, गवती चहाचा वास. चष्मा काढून एका वाटीत ठेवायचा. कपड्यांच्या जागी एक कागदी प्रकरण. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, भाचे मंडळी वाचतात.

मुलगी बालीची. पंचविशीची असेल. आणि हात, खरं सांगते, देवाचे हात होते. मानेतली एक गाठ, जी मी काउंटरवर बसून बसून कमावली होती, ती तिनं अंगठ्यानं अशी फिरवली की माझ्या डोळ्यात पाणी आलं. अर्धा तास मी स्वर्गात होते. मग तिनं विचारलं, "घरी स्ट्रेस असतो का?" मला वाटलं चौकशी करतेय. म्हटलं, असतो. "बरोबर. इथं खूप टॉक्सिन्स साठलेत."

आणि सुरू. खांद्यात टॉक्सिन्स, पाठीत टॉक्सिन्स, पोटऱ्यांत पाणी, आणि स्किन खूपच डिहायड्रेटेड. अहो, अंगातली घाण बाहेर टाकायला देवानं यकृत आणि मूत्रपिंडं दिलीत. खांदा चोळून ती निघत नाही, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, माझ्या नातीलाही आहे. पण पालथं पडलेलं असताना, तोंड त्या गोल भोकात खुपसलेलं असताना आणि डोळ्यांसमोर फक्त एक फुलांचं तबक असताना शरीरशास्त्रावर वाद घालून दाखवा बरं. मी "हूं" म्हणाले. तिथं "हूं" म्हणजे होकार धरतात.

पन्नास मिनिटांचा मसाज. शेवटची दहा मिनिटं विक्रीची, आणि ती माझ्या पन्नासातली. माझा खरा राग इथं आहे. किमतीचा नाही. मी काय विकत घेतलं होतं? तर पन्नास मिनिटं कुणी काही मागणार नाही, हे. बायकांना ते घरात मिळत नाही. कुणीतरी विचारतंच, "डबा काय?" म्हणून तर ११९ डॉलर दिले ना!

उठल्यावर झगा घालून सोफ्यावर बसवलं, हातात आल्याचा चहा दिला. केसांचं तेल कपाळावर ओघळतंय. ती माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसली आणि एक कागद पुढं केला, डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखा. वर माझं नाव, खाली चार ओळी, चारही ओळींपुढं आधीच केलेल्या खुणा. सीरम, क्रीम, कसलंसं मीठ आणि समुद्री शेवाळ्याच्या साठ गोळ्या. सगळं मिळून ३१० डॉलर. मी डोळे बारीक करून पाहत होते. माझा चष्मा आत वाटीत. मला वाचताच येत नव्हतं! तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं आणि म्हणाली, "तुमच्या रूमवर लावू?"

रूमवर लावू. पैसे नाहीत, पाकीट नाही, नोट मोजणं नाही. गळ्यातलं कार्ड टेकवायचं, संपलं.

मी म्हटलं, महाग आहे. तर चारऐवजी तीन घ्या, सूट देते. घरी आहे माझं क्रीम. तर ते केमिकलवालं असेल, टाकून द्या. विमानात नेता येणार नाही. तर मोठ्या बॅगेत टाका. नवऱ्याला विचारते. ह्यावर ती गोड हसली आणि म्हणाली, "स्वतःसाठी एवढंही नाही करणार?" मैत्रिणींनो, काय बाण आहे हा! ३१ वर्षं पगार आणणाऱ्या बाईला.

आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. मी आईची आठवण काढली आणि विचारलं, "ह्यातलं सगळ्यात स्वस्त काय?"

शेवाळ्याच्या गोळ्या. ८८ डॉलर.

मसाजवर १८ टक्के टिप आपोआप लावलेली होती, तरी पावतीवर आणखी टिपेसाठी एक रिकामी ओळ होती. तिथंही मी भिडेपोटी काहीतरी लिहिणार होते, पेन चाललं नाही म्हणून वाचले. सगळं मिळून १९ हजार रुपयांच्या आसपास. शेवटच्या सकाळी बिल आलं. नवऱ्यानं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि फक्त विचारलं, "गोळ्या कसल्या?"

घरी आल्यावर डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी डबी फिरवून घटक वाचले आणि माझ्याकडं पाहिलं. समुद्री शेवाळ्यात आयोडीन भरपूर असतं, थायरॉईडच्या माणसानं असलं काही न विचारता घ्यायचं नसतं. "तिथं सांगितलं नव्हतं का थायरॉईड आहे म्हणून?" अहो, लिहून दिलं होतं! खूण केली होती! तो फॉर्म तिच्या हातात होता! मग तो भरून कशाला घेता? मला जपायला की उद्या काही झालंच तर स्वतःला जपायला? हे लिहितानाही माझा हात थरथरतोय.

थांबा, कुकर बंद करून आले.

हं. आता कुणीतरी खाली लिहिणारच, "पण ताई, तिचंही पोट आहे." आहे. मला नका सांगू, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. आमची केबिन आवरणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीतला. मी डबी पलंगावर ठेवून तिच्याकडं बघत बसले होते. तो टॉवेलचा हत्ती करता करता म्हणाला, "तिका टार्गेट आसता, मॅडम." मग अर्ध्या कोकणीत, अर्ध्या मराठीत सगळं सांगितलं. बऱ्याच जहाजांवर स्पा जहाज कंपनीचा नसतोच, बाहेरच्या ठेकेदाराचा असतो. मुलींचा मूळ पगार थोडका, बाकी कमिशन, मसाजवर आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मालावर. कोण किती विकतं त्याचा रोजचा हिशोब. मुलगी सात-आठ महिने घराबाहेर, लेकरू आजीकडं.

तिनंही मला लेकराचं सांगितलं होतं, मान चोळताना. चार वर्षांचा मुलगा आहे म्हणून. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. सोफ्यावर कागद आल्यावर वाटलं, तेही विकण्यातलंच होतं की काय. आज वाटतंय, मुलगा असेलच ना खरा. असं कसं खोटं बोलेल कुणी.

आणि आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असा विचार करत दहा मिनिटं बसले होते.

बँकेत असताना मार्च महिना आला की आम्हालाही टार्गेट यायचं. विम्याच्या पॉलिसींचं. लॉकर मागायला आलं की पॉलिसी, एफडी मोडायला आलं की पॉलिसी. एकदा एक आजोबा आले होते, धोतर-टोपीतले, एफडीचं नूतनीकरण करायला. मी त्यांना चहा दिला. खुर्ची दिली. नातवंडांची चौकशी केली. "मॅडम, तुम्ही म्हणताय म्हणजे चांगलंच असेल," म्हणाले. पुढच्या मार्चमध्ये ते काउंटरपाशी येऊन हळू आवाजात विचारत होते, "हे दरवर्षी भरायचे असतात का?" मी सांगितलं होतं त्यांना. सांगितलं नव्हतं असं नाही. भरभर सांगितलं होतं. चष्मा घरी राहिला म्हणाले, तर मी बोट ठेवून दाखवलं, इथं सही करा.

असो. त्यावर मला कमेंटी नकोत.

पुढच्या महिन्यात माझी नणंद क्रूझला निघालीय. काल फोन, "वहिनी, स्पा बुक करू का?" कर बाई, जरूर कर, मसाज सुंदर असतो. पण बंदराच्या दिवशी कर. फॉर्म भरतानाच वर ठळक अक्षरांत लिही, मला कुठलाही माल दाखवू नये. आणि झोपायच्या आधी, चष्मा डोळ्यांवर असताना, उभ्यानं तोंडानंही सांग. एकदा पालथी पडलीस की तुझं काही चालत नाही. त्यातूनही कागद आलाच तर "नको" म्हण आणि चहा पी. कारण देऊ नकोस. कारण दिलंस की तिच्याकडं त्याचं उत्तर तयार असतं, तेवढ्याचंच तर ट्रेनिंग असतं. "नवऱ्याला विचारते" तर चुकूनही नाही. आणि केबिनमध्ये गेल्यावर त्याच रात्री खात्यावर काय काय लागलंय ते बघ, शेवटच्या सकाळची वाट बघू नकोस. तेव्हा बॅगा उतरवायच्या की रांगेत भांडायचं?

नणंद म्हणाली, "एवढं सगळं? मग आराम कधी करायचा?" ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. तो प्रश्न त्या ठेकेदाराला विचारायला हवा. गिऱ्हाइकानं सावध राहायचं, गिऱ्हाइकानं फॉर्मवर लिहायचं, गिऱ्हाइकानं रात्री हिशोब तपासायचा. आणि पैसेही गिऱ्हाइकानंच द्यायचे. ती बालीची मुलगी आणि मी, दोघी एकमेकींकडं संशयानं बघत राहिलो. तिला गुडघ्यावर बसवणारा कुठल्या ऑफिसात बसलाय ते ना तिला माहीत, ना मला.

तर, आजचं पार्लर. काकड्या पडल्यावर मी त्या मुलीला नको ते बोलले. "मला शिकवू नकोस, तुमची ही सगळी नाटकं मला माहीत आहेत," असं. पार्लरमधल्या चार बायकांसमोर. ती मुलगी एकोणीस-वीस वर्षांची. हातात क्रीमचा वाडगा तसाच धरून उभी राहिली. मी टॉवेलनं तोंड पुसलं, पैसे टेबलावर ठेवले आणि निघून आले.

दुपारी पार्लरवालीचा फोन आला. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "ताई, कंपनीचा माणूस तीस बाटल्या ठेवून गेलाय. मीच सांगितलं होतं तिला, दोन शब्द बोलत जा म्हणून. पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही होतात तिचं. तुम्ही घरच्या, सांभाळून घ्याल असं वाटलं."

मी काय बोलणार? बाटली केवढ्याची ते विचारलं. साडेतीनशे.

फेशियल डाव्या गालाचंच झालं होतं. उजवा तसाच राहिलाय. संध्याकाळी नवरा म्हणाला, एका बाजूनं चमकतेयस. उद्या अकराला उरलेला अर्धा चेहरा घेऊन जाणार आहे. ती मुलगी आली असली तर बरं.